चालत्या मशीनची केबल

सोलापुरातल्या ज्या सूतगिरणीत मी पहिली नोकरी केली, तिथे कॉम्प्युटर माझ्या थोडाच आधी आला होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नेमकं काय काम करते हे घरी कुणालाच नीट सांगता येत नसे. शेजारच्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ती टायपिंग करते." मीही ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण दुरुस्त करून सांगायचं तर बराच वेळ लागला असता.

एका जुन्या गोदामाचा कोपरा लाकडी भिंत घालून वेगळा काढला होता आणि तिथे मशीन बसवलं होतं. रुईची उडती धूळ आत येऊ नये म्हणून दाराला दुहेरी पडदा होता आणि चपला बाहेर काढाव्या लागत. सगळ्या गिरणीत वातानुकूलित खोली तेवढी एकच. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढायची. आमचे शिपाई मामा मंगळवेढ्याकडचे. ते कागद टेबलावर ठेवून दाराशी रेंगाळत आणि म्हणत, "लई गार हाय की हितं. भाईर नुसती भट्टी लागलीया."

खोलीत आम्ही तिघं. मी नवी. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी अक्का, जिच्या हाताखाली मी काम शिकले. तिच्या घरी माग होते आणि घरात सगळे तेलुगू बोलत. मराठी ती आमच्यासारखीच बोलायची, फक्त आकडेमोड मनातल्या मनात तेलुगूत करायची आणि तेव्हा तिचे ओठ हलायचे. आणि आमचे साहेब. ते पुण्याहून आले होते, चाळिशीचे, नीटनेटके, कामात कडक पण आवाज कधी न चढवणारे. कॉम्प्युटर घ्यावा म्हणून त्यांनीच मॅनेजरांच्या मागे लागून तो आणवला होता. गिरणीतली निम्मी माणसं तो बंद पडायची वाट बघताहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

मशीन बसवायला मुंबईहून जो इंजिनियर आला होता, त्याने जाताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. भोकं पाडलेली कार्डं वाचणारा कार्ड रीडर असो, कीबोर्ड असो, नाहीतर प्रिंटर असो, मशीन चालू असताना त्याची केबल काढायची नाही आणि लावायचीही नाही. आधी मशीन बंद करायचं, थोडं थांबायचं, मग हात लावायचा. ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवली होती.

आता खरं सांगायचं तर ती सूचना एकदा मोडली गेली होती. टेबल सरकवताना कीबोर्डची केबल मशीन चालू असतानाच निघाली होती. साहेबांचा चेहरा पडला, पण पुन्हा लावल्यावर कीबोर्ड पहिल्यासारखा चालला. काहीच झालं नाही. त्या दिवसापासून आमच्या मनात त्या सूचनेचा धाक थोडा कमी झाला असावा. निदान माझ्या तरी.

प्रिंटर हे त्या खोलीतलं सगळ्यात दांडगं यंत्र. कपाटाएवढं. आत अक्षरांचा पोलादी ढोल गरगरा फिरायचा आणि त्यावर बारीक हातोड्या आपटून ओळच्या ओळ एकदम उमटायची. कागदाच्या दोन्ही कडांना भोकं असत. दातेरी पट्टे त्या भोकांत दात घालून कागद वर ओढत आणि तो पलीकडच्या बाजूला घडी होऊन पडे. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्याचं झाकण खरं तर बंद ठेवायला हवं होतं. पण आमच्या कोरड्या हवेत कागद चुरगळून अडकायचा, म्हणून आम्ही झाकण उघडं ठेवून लक्ष ठेवत असू. साहेबांनीच तशी पद्धत पाडली होती.

एके दिवशी मुंबईहून काही पाहुणे कॉम्प्युटर बघायला यायचे होते. दुसऱ्या एका गिरणीचे मालक त्यांच्यात होते. साहेब त्या दिवशी टाय लावून आले. आम्ही त्यांना टायमध्ये पहिल्यांदाच बघत होतो. निळा, रेघांचा, चकचकीत टाय होता. पाहुणे येण्याआधी एकदा सगळं चालवून बघू म्हणाले. मी सुताच्या साठ्याचा लांबलचक तक्ता छापायला लावला. अक्का मशीनच्या मागच्या बाजूला जाळीवरची धूळ फडक्याने पुसत होती.

"अक्षर पुसट येतंय का?" असं म्हणत साहेब प्रिंटरवर वाकले.

टायचं टोक कागदाला लागलं आणि कागदाबरोबर दातेरी पट्ट्यात गेलं. पहिल्या क्षणी त्यांनाही कळलं नाही. त्यांनी मान वर घ्यायला पाहिली आणि ती वर येईना. प्रत्येक ओळीबरोबर कागद पुढे सरकत होता आणि टायही सरकत होता. गाठ आवळत चालली. त्यांनी दोन्ही हात प्रिंटरच्या कडेवर टेकून जोर लावला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला असेल, पण मला ढोलाच्या खडखडाटात काहीही ऐकू आलं नाही. मला दिसला तो त्यांचा कान. तो आधी लाल आणि मग जांभळा झाला.

प्रिंटरची बटणं त्यांच्या छातीखाली दबलेली होती. भिंतीतलं स्विच कागदांच्या कपाटामागे, हात पोचणार नाही असं. मी कीबोर्डवर थांबण्याचा हुकूम टाइप केला, पण ते मशीन हातातलं पान संपल्याशिवाय कीबोर्डकडे बघत नसे. मी पुन्हा टाइप केला. मग ओरडले, "अक्का!"

अक्काने मशीनच्या मागून डोकं काढून बघितलं. प्रिंटरची मनगटाएवढी जाड केबल तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. तिने दोन्ही बाजूच्या खिट्ट्या दाबल्या आणि केबल ओढून काढली.

कागद थांबला. ढोल नुसताच फिरत राहिला. मशीनवरचे लुकलुकणारे दिवे एकदम जागच्या जागी थिजले, काही पेटलेले, काही विझलेले, आणि जळक्या बॅकेलाइट प्लास्टिकचा वास आला. अक्का कागद कापायची कात्री घेऊन धावली आणि तिने गाठीच्या खाली टाय कापला. साहेब जमिनीवर बसले. बराच वेळ खोकत राहिले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मशीनला काय झालं?"

मशीन गेलं होतं. बंद करून पुन्हा सुरू केलं, तरी दिवे तसेच. थोड्या वेळाने पाहुणे आले. साहेबांनी टायचा उरलेला तुकडा खिशात टाकला होता आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावून घेतलं होतं. पाहुण्यांना ते म्हणाले, "चालू मशीनची केबल निघाली. क्षमा करा, आज दाखवता येणार नाही." केबल कशी निघाली हे त्यांनी सांगितलं नाही. पाहुणे चहा पिऊन गेले. मॅनेजर त्यांना पोचवून आले ते सरळ आमच्या खोलीत.

"केबल कुणी काढली?"

"मी," अक्का म्हणाली.

साहेब वाकून प्रिंटरमधला अडकलेला कागद काढू लागले. मॅनेजर अक्काकडे बघून, मान हलवून निघून गेले.

काही दिवसांनी तोच इंजिनियर आला. त्याने मशीन उघडून विजेच्या जोडण्यांचं एक हिरवं कार्ड बाहेर काढलं. त्यावरचे दोन-तीन काळे चौकोन फुटून वर आले होते. प्रिंटरमधलंही एक कार्ड तसंच. तो चिडला नव्हता, कंटाळला होता. त्याने केबलचं तोंड आम्हाला दाखवलं. "ह्यात इतक्या पिना आहेत. ओढताना सगळ्या एकदम सुटत नाहीत. एखादी आधी, एखादी मागून. जमिनीकडे जाणारी, म्हणजे अर्थिंगची, पिन आधी सुटली, की तिची वीज बाकीच्या बारीक वाटांनी धावते. त्या वाटा तेवढ्या विजेसाठी केलेल्या नसतात."

"पण कीबोर्डची केबल निघाली होती तेव्हा काही झालं नव्हतं," मी म्हणाले.

"त्या वेळी पिना बऱ्या क्रमाने सुटल्या," तो म्हणाला. "दहादा काही होत नाही. म्हणूनच लोक अकराव्यांदा काढतात."

नवी कार्डं यायला बरेच आठवडे लागणार होते. तोवर साठ्याचा हिशेब पुन्हा हाताने सुरू झाला. जुने कारकून आपल्या खुर्च्यांवर सरसावून बसले. उघड कुणी काही म्हणालं नाही, पण दुपारच्या डब्यांना त्या बाजूने हसण्याचा आवाज जास्त येऊ लागला. अक्काकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. आणि तिचा खुलासा साहेबांनीच तयार करून ठेवला होता. इंग्रजीत टाइप केलेल्या दोन ओळी: अनवधानाने केबल काढली गेली, पुन्हा असं होणार नाही. तिने फक्त सही करायची होती.

अक्का तो कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेली. मी माझ्या जागेवर होते. मशीन बंद असल्याने खोलीत शांतता होती आणि सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मी अनवधानाने नाही काढली."

"मला माहीत आहे."

"मग असं कसं लिहिलंत?"

साहेब म्हणाले, "गिरणीत आधीच लोक टपून बसलेत. साहेब स्वतःच्याच मशीनमध्ये टायने अडकले असं बाहेर गेलं, तर माझं किती हसं होईल, कल्पना आहे?"

"हसं चार दिवस होईल," अक्का म्हणाली. "माझ्या नावावर हे कायमचं राहील. पुढे कुठे नोकरी मागायला गेले तर कोण मला मशीनजवळ उभं करेल?"

"तुम्ही माझा जीव वाचवलात, हे मी विसरलो नाही."

"मग तेवढंच लिहा की."

तिने कागद टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसली. ती कार्डांचा एक गठ्ठा विनाकारण जुळवत राहिली.

पुढचे दोन-तीन दिवस कुणी तो विषय काढला नाही. साहेब गळ्यापर्यंत बटण लावूनच येत होते. त्या उन्हाळ्यात तसं कुणीच राहत नसे. मग एका सकाळी मॅनेजरांनी आम्हा दोघींना बोलावलं. साहेब आधीच आत बसले होते. आम्ही गेल्यावर त्यांनी झालेली गोष्ट पहिल्यापासून सांगितली, झाकण उघडं ठेवायची पद्धत आपलीच होती हेही सांगितलं. गोष्ट टायपर्यंत आली आणि मॅनेजर हसू लागले. त्यांना हसू आवरेना. साहेबांनी गळ्याचं बटण काढलं. मानेवरचा वळ पिवळा-काळा पडला होता. मॅनेजर हसायचे थांबले.

"तरी नियम तो नियम," ते शेवटी म्हणाले. "बाईंना ताकीद द्यावी लागेल. मशीन मोडलंय. वर काहीतरी दाखवायला हवं."

"मग मलाही द्या," साहेब म्हणाले.

"तुम्हाला कशाबद्दल? टाय घातल्याबद्दल?"

साहेबांनी आणखी एकदा सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. अक्काला ताकीद मिळाली. मात्र त्या ताकिदीत केबल का काढली तेही लिहिलेलं होतं, आणि ते वाक्य साहेबांनी घालायला लावलं होतं. गोष्ट अर्थातच बाहेर गेली. पुढे कित्येक महिने खात्यांमधून त्यांना 'टायवाले साहेब' म्हणत. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. प्रिंटरच्या बाजूला इंजिनियरने एक मोठं लाल बटण बसवून दिलं आणि झाकण बंद ठेवायचा हुकूम निघाला. कागद अडकायचा तो अडकतच राहिला.

ताकीद मिळाली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी सायकली हातात धरून गिरणीच्या फाटकापर्यंत चाललो. मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला," ती म्हणाली. "पण त्यांनी सांगितलं ना. मला वाटलं होतं, नाही सांगणार."

तिने ताकिदीचा तो कागद घरी वडिलांना तेलुगूत वाचून दाखवला, असं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते साहेब आता बरे आहेत का. बरे आहेत म्हटल्यावर ते पुन्हा मागावर बसले.

साहेब आणखी दोन वर्षं आमच्याकडे होते. मग ते पुण्याला परत गेले आणि त्यांच्या जागी गिरणीने बाहेरून कुणाला न आणता अक्काला बसवलं. निरोपाच्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना शाल घातली. नारळ हातात घेऊन ते आमच्या खोलीत आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि अक्काला म्हणाले, "येतो." अक्काने त्यांना चहा घेऊन जायला सांगितलं. मामांनी चहा आणला. तो आम्ही तिघांनी उभ्यानेच घेतला.