लाईट आली तेव्हा

क्पांडो गावातल्या आमच्या बेकरीत यंत्रावर सेसिमेच जुनी. धिप्पाड, तोंडाळ बाई; आम्ही सगळे तिला दावी, म्हणजे ताई, म्हणायचो. पावाचा मळलेला मैदा दोन रोलरमधून तीच दाबून काढायची, शेजारच्या टेबलावर मी पाव वळायचे.

त्या दुपारी लाईट गेली. रोलरवर मैद्याचा थर सुकला होता, तो खरवडणारी पट्टीही वाकली होती. "यंत्र गप्प आहे तोवर उरकते," म्हणत सेसिमेने जाळी काढली, डावा हात आत घातला आणि थर वर यावा म्हणून उजव्या हाताने बाहेरचं चाक फिरवलं. चाक जड. आधी हललंच नाही, मग एकदम फिरलं. तिची बोटं दोन रोलरमध्ये ओढली गेली.

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "स्विच चालूच आहे गं."

यंत्राचा स्विच भिंतीवर, मैद्याच्या पोत्यांमागे. मी चाक उलटं फिरवायला गेले तर ती किंचाळली, "हात लावू नकोस! आधी स्विच!"

भट्टी सांभाळणारा एफो डॉटसे डोकावला. "लाईटच नाही, दावी. घाबरतेस कशाला?"

"मग घाल की तुझा हात इथे!"

तेवढ्यात रस्त्यापलीकडे एकच आरडाओरडा झाला. तिकडची लाईट आली होती. तिकडे आली की मागोमाग आमच्याकडे येते. डॉटसेचा चेहराच उतरला. तो पोती ओढायला लागला, एक फाटलं, सगळीकडे पांढरं झालं. मी सेसिमेला धरून होते. तिने डोळे गच्च मिटले होते.

"बंद केलं!" डॉटसे ओरडला. तिने डोळे उघडले, आणि नेमका डोक्यावरचा दिवा लागला. तिला तो दिवाच दिसला. जिवाच्या आकांताने तिने हात उपसला.

रोलर तसूभरही हलले नव्हते. पण मधल्या बोटाची कातडी नखासकट आतच राहिली. दवाखान्यात ते पेर कापावं लागलं.

जखम भरली. मालकाने पोती हलवली. आता रोलर मी साफ करते आणि सेसिमे बंद केलेल्या स्विचचा दांडा दोन्ही हातांनी दाबून उभी असते.

"दावी, मोटरचा पट्टासुद्धा काढून ठेवलाय," मी सांगते.

"कळलं. तू बोटं बाहेर काढ आधी," ती म्हणते. मी बोटं बाहेर काढते, मगच ती दांडा सोडते.