बुरुजचे वार

पोर्चचा दरवाजा उघडायच्या आधीच दीपमालाला वासावरून कळायचं, की आजही फरशी धुवायची आहे. ओढणी कमरेला गुंडाळून ती बादलीत फिनेल ओतायची. बुरुज कोपऱ्यात मान घालून उभा असायचा. ग्रेट डेन जातीचं ते थोरलं धूड, पण त्या वेळी भिंतीला असं चिकटायचं, की जणू आपण व्यापलेली जागा थोडी कमी करून घेतंय.

"असू दे रे," ती म्हणायची. रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तिला तो दिवसभर शाळेच्या ऑफिसात पुरवायचा असायचा.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या रो-हाऊसमध्ये आता तिघंच राहत होती. ती, अंबडच्या कंपनीत पाळ्या करणारा तिचा नवरा प्रफुल्ल, आणि निफाडचं घर बंद करून आलेल्या तिच्या सासूबाई, कुसाबाई. बुरुज मुळात लेकीचा, हर्षालीचा. पिल्लू तिनेच आणलं, नावही तिनेच ठेवलं. मग पुण्यात नोकरी लागली आणि तिथल्या खोलीत कुत्रा चालेना. "थोडे दिवस सांभाळ गं मम्मी," म्हणून ती गेली. ते थोडे दिवस अजून संपले नव्हते.

बुरुजने काय खावं, यावर मात्र ती पुण्याहून लक्ष ठेवून होती. थर्माकोलच्या खोक्यातून ती गोठवलेल्या कच्च्या मांसाच्या पुड्या पाठवायची. कोंबडी, काळीज, दळलेली हाडं, सगळं मोजूनमापून मिसळलेलं. नुसतं वितळवायचं आणि वाढायचं.

"डॉग फूडच्या कोरड्या गोळ्या म्हणजे आयुष्यभर चिवडा खाण्यासारखं आहे," ती फोनवर सांगायची. "तुला कोणी जन्मभर चिवडा वाढला तर?"

"कोणी वाढला तर खाईन बाई मी," दीपमाला म्हणायची. "आयता मिळतोय ना."

प्राण्यांचे डॉक्टर धम्मपाल पगारे यांचा कल गोळ्यांकडे होता. घरात म्हातारं माणूस आहे, कच्च्या मांसातून जंतू पसरतात, भांडी, ओटा, हात सारखे धुवावे लागतात. शिवाय एवढ्या मोठ्या हाडापेराच्या कुत्र्याला कॅल्शियम कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही. पण हर्षालीच्या पुड्यांना ते सरसकट वाईट म्हणत नसत. चांगल्या कंपनीच्या असतील तर चालतात, म्हणत. दीपमालाला वाटायचं, यातल्या कोणी तरी एकाने दुसऱ्याला खोटं पाडावं, म्हणजे आपण सुटू. तसं होत नव्हतं. घरात पुड्याही होत्या आणि गोळ्याही, आणि बुरुज वाळत चालला होता.

दिवाळीनंतर त्याच्या फासळ्या लांबून मोजता येऊ लागल्या. पोट कधी धड, कधी पाणी. जंताचं औषध झालं, तपासण्या झाल्या. कशात काही निघेना.

मग कुसाबाईंचा भाचा योगेश आला. त्याचा निफाडला द्राक्षाचा मळा.

"वहिनी, देऊन टाका मला," तो म्हणाला. "राखणीला बरा हाय. साखळीला बांधतो, भाकरी-ताक खाईल. नायतर हितं मरून जाईल तो तुमच्या फरशीवर."

"खरं हाय त्याचं," कुसाबाई म्हणाल्या. "पोरीला मागनं सांगू."

रविवारी पिकअप घेऊन येतो, असं ठरवूनच योगेश गेला. धुतलेली फरशी कोरडीच राहील, संध्याकाळी पुडी बाहेर काढायची आठवण ठेवावी लागणार नाही, हेच आधी दीपमालाच्या मनात आलं. छातीवरचं काही उतरल्यासारखं झालं. मग तिला साखळी दिसली, आणि गुरगुरणंही धड न जमणारा तो भित्रा जीव दिसला. आपल्याला नुकतं बरं वाटलं, याचीच तिला धास्ती बसली.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती त्याला रिक्षात घालून शेवटचं म्हणून डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "ताई, कुत्रा आहे का घोडा? पुढच्या वेळी टेम्पो सांगा." ती हसली नाही.

डॉक्टरांनी बुरुजला वजनकाट्यावर चढवलं आणि आकडा लिहून घेतला. मग नेहमीचंच विचारलं, "खाण्यात काही बदल?"

"नाही," तिनेही नेहमीचंच सांगितलं. "जे चाललंय तेच."

"मधे बरा होता ना हा? कधी?"

तिने आठवून पाहिलं. "श्रावणात. गणपतीत पण. नवरात्रातही चांगला होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "श्रावणात बरा, नवरात्रात बरा. मॅडम, हा कुत्रा आहे की कीर्तनकार? श्रावणात काय वेगळं देता त्याला?"

"वेगळं काही नाही. श्रावणात घरात मांस आणत नाही ना आम्ही. त्याच्या पुड्या पण बंद. नुसत्या गोळ्या."

"आणि एरवी?"

"एरवी पुड्या. वार सोडून."

"कुठले वार?"

ती सांगू लागली. सोमवार सासूबाईंचा, गुरुवार मिस्टरांचा, शनिवार तिचा स्वतःचा. मध्ये चतुर्थी आली, एकादशी आली तर तीही. त्या दिवशी घरात कच्चं मांस दिसलेलं चालत नाही, म्हणून गोळ्या. सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला. एक दिवस पुडी, एक दिवस गोळ्या, परत पुडी. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असंच तिला वाटलं नव्हतं. वार पाळणं म्हणजे खाणं बदलणं नव्हे. तो तर घराचा रिवाज.

"आमच्या घरी वार नसतात," डॉक्टर म्हणाले, "म्हणून माझ्याही डोक्यात आलं नाही. माणसाच्या पोटाला असली अदलाबदल सवयीची. याचं पोट आज एकाला तयार होतं, तर उद्या ताटात दुसरं. महिनाभर कुठलंही एकच द्या. बहुतेक हेच आहे. पण खात्री आज देत नाही."

"पुड्या की गोळ्या?"

"वारांना पुडी चालेल घरात?"

"नाही."

"मग मला कशाला विचारता?"

घरी आल्यावर तिने कुसाबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"म्हंजे माझ्या सोमवारानं झालं व्हय हे?"

"सगळ्यांच्याच वारांनी, आई. आता रोज गोळ्याच द्यायच्या. फक्त…" ती घुटमळली. "त्या गोळ्यांत पण कोंबडीच असते. वारांना पण तेच जात होतं."

कुसाबाईंनी पाकळीवरचं साल फुंकरीने उडवलं. "मला काय नाक नाय का? लय दिवस वास घेतीया. रगत दिसत नाय तवर माझा देव काय बोलत नाय. तू कशाला बोलती?"

दीपमालाने पोर्चमध्ये जाऊन शनिवारच्या गोळ्या वाढल्या.

रविवारी योगेश आला. हातात नवी साखळी होती, पिकअपमध्ये पोतं अंथरलेलं होतं.

"राहू दे, भाऊजी," ती म्हणाली. "नाही द्यायचा."

"बरा झाला का काय एका रात्रीत?"

"नाही. आज पण धुतलीये फरशी."

"मग? वहिनी, आरशात बघा जरा. तुमच्याच फासळ्या दिसाया लागल्या."

"दमलेय मी," ती म्हणाली. हे तिने घरात कधी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारल्यावर काही हललंही नाही. "पण महिनाभर बघते. नाहीच झाला बरा, तरी इथेच असू दे."

योगेशने आत्याकडे पाहिलं. कुसाबाई म्हणाल्या, "च्या घे आन् जा. तिला करायचंय तर करू दे."

तो गेल्यावर तिने हर्षालीला फोन लावला. पुड्या पाठवू नकोस, म्हणाली. का, तेही सांगितलं. योगेशचं सांगितलं नाही.

"पण मम्मी, मी एवढं वाचून ठरवलं होतं. मला विचारायचं तरी ना."

"वाचलंस ते खोटं नाही गं. डॉक्टर पण तसंच म्हणतात. पण वाढते मी. मला रोज जे जमेल, ते तो खाईल."

मग हर्षाली हळूच म्हणाली, "बरं. फोटो पाठवत जा त्याचा."

फोन ठेवून दीपमाला पोर्चच्या पायरीवर बसली. थंडीचं ऊन होतं, अंगाला बरं वाटणारं. बुरुज आला, तिच्याशेजारी उभा राहिला, आणि हळूहळू त्याने आपलं सगळं अंग तिच्या खांद्यावर रेलून दिलं. एवढा वाळला होता, तरी जड होता. तिने दुसरा हात फरशीवर टेकला आणि तो भार तसाच राहू दिला.