थोरलीला कळवते

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. मी एकुलती एक, म्हणून पिंड मीच ठेवले होते. गेलेल्या माणसाची इच्छा कशात अडकली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, असं आमच्यात मानतात. मग घरच्यांनी एकेक वचन द्यायचं. चंदीगडच्या पंडितजींना यातलं काही माहीत नव्हतं. अर्धा तास थांबून ते म्हणाले, "बहनजी, गाय को खिला दीजिए, हो जाएगा जी."

"नाही," आई म्हणाली.

समोरच्या झाडावर चार-पाच कावळे नुसते बसून होते. साताऱ्याहून आलेली आत्या पुढे झाली. "दादा, पोरीचं लग्न थाटात करू रे." काही नाही. "वहिनीला अंतर देणार नाही." तरी नाही. ती मागे वळून म्हणाली, "इथल्या कावळ्यांना मराठी समजत नसेल. हिंदीत सांगा कुणीतरी." मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. माझी वेळ आली तेव्हा मी हात जोडले आणि आईला सांभाळीन असं मनातच म्हटलं. चारचौघांत मोठ्यानं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

मग आई उठली. बाबा शेजारच्या खोलीत असावेत अशा आवाजात म्हणाली, "थोरलीला मी कळवते."

एक कावळा खाली आला.

आत्यानं पदर तोंडाला लावला. पंडितजी भांडी आवरू लागले. मी तांब्या धरून तशीच उभी. आमच्या घरात थोरली कुणी नव्हती. सत्तावीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

आईला विचारायचा धीर तीन दिवस झाला नाही. तेरावा उरकल्यावर आत्याला सोडायला सेक्टर ४३च्या बस स्टँडवर गेले. रस्ताभर प्रश्न आधी इंग्रजीत जुळवला, मग मराठीत.

"आत्या, थोरली कोण?"

"वचन तुझ्या आईनं दिलंय. मी मध्ये कशाला पडू, बाई?"

"पण आहे कुठे ती?"

दिल्लीची बस लागली होती. पायरीवर पाय ठेवून आत्या म्हणाली, "हसते अगदी तुझ्यासारखी." आणि आत गेली.

घरी येऊन मी चहा केला. आई बाल्कनीत होती. तिनं फोनमध्ये नाव शोधलं नाही. नंबर पाठ होता.

"गेले गं ते. तेरा दिवस झाले... नाही, फार त्रास नाही झाला." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "नाही. तिला काही माहीत नाही."

म्हणजे पलीकडून माझ्याबद्दल विचारलं होतं. आमच्या मधल्या जाळीच्या दाराला कडीही लावलेली नव्हती. "आई, मला दे," एवढंच म्हणायचं होतं. मी दोन कप धरून उभी राहिले आणि आईनं फोन ठेवला.

ती वळली, मला पाहिलं. "निवला का गं?" म्हणत कप घेतला.

"कोण होतं?"

"ओळखीचं होतं."

मी म्हटलं, "अच्छा."