वस्तादांसाठी एक चूक

आतापर्यंत मी दहा हजार जळक्या मोटरी भरल्या आहेत, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळली आहे. पैकी दोन-तीन हजार खऱ्याही असतील. तेलगावच्या चौफुलीवर माझं दुकान आहे. विहिरीतून काढलेली मोटर जीपमधून उतरायच्या आत ती का जळाली हे माझं नाक ओळखतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. तेही मान डोलावतात, कारण त्यांची मोटर माझ्याकडे अडकलेली असते.

ही कीर्ती इतकी पसरली की मागच्या महिन्यात एका आयटीआयमध्ये मला करिअरवर बोलायला उभं केलं. एका पोरीने विचारलं, "सर, आम्ही काय वाचू? कोणते व्हिडिओ बघू?"

"जळकी मोटर वाचा," मी म्हणालो. "कॉइल तोडायच्या आधी नीट बघा. सगळ्या सारख्या काळ्या, तर लोड झेपला नाही. एकाच जागी डाग, तर पाणी शिरलं. दोन फेज काळ्या नि तिसरी कोरी, तर मालकाने कंडेन्सर लावून दोन फेजवर पळवली. आणि तोच देवाची शपथ घेऊन म्हणणार, 'लाइटच खराब हाय!'"

टाळ्या पडल्या. त्याच पोरीने पुढे विचारलं, "आणि तुम्हाला कोणी शिकवलं?"

"अनुभवाने," मी म्हणालो. दहा हजारांची थाप मारताना न अडखळलेली जीभ इथे अडखळली.

मला शिकवलं वस्तादांनी. याच चौफुलीवर त्यांचं दुकान होतं, तिथे मी सात वर्षं बसलो. ते जळकी मोटर पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच." चुकलो की, "परत वाच बे." तोवर माझा चहा गार व्हायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. शागिर्दाने वस्तादाच्या समोर पाटी लावायची नाही, दुसरं गाव बघायचं. मी बरोबर समोर लावली, तीही दुप्पट मोठी. वस्ताद पंधरा दिवसांत दुकान आवरून लेकीकडे सिरसाळ्याला गेले. याला तेरा वर्षं झाली. सिरसाळा काही अमेरिकेत नाही. चार वेळा मी मोटरसायकल काढली आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. हा आकडा फुगवलेला नाही.

आयटीआयच्या पोरापोरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, मी त्यावर बोलून धडे टाकू लागलो. पहिला धडा कॉइलचे वेढे मोजण्याचा. सुरुवातीलाच सांगून टाकलं, हे माझ्या वस्तादांचं आहे. मग सिरसाळ्याच्या एका गिऱ्हाइकाकडून त्यांचा नंबर मिळवला आणि तोच धडा त्यांनाही पाठवला.

दुपारी त्यांचा आवाज आला.

"एकाच कॉइलचे वेढे मोजायला सांगतोस कावून बे? तीन मोज. आधीचा भरणारा चुकला असंल तर त्याची चूक तू पुढं नेशील. पोरांला सांग."

राम राम नाही, कसा आहेस नाही. तेरा वर्षांनी नुसती चूक काढली! मी तो मेसेज हजार वेळा ऐकला. बरं, चाळीस वेळा.

पोरांना ताबडतोब दुरुस्ती कळवली. पण तिथून माझं डोकं चालायला लागलं. पुढच्या धड्याचे मी दोन मेसेज केले. पोरांसाठी एक, अगदी बिनचूक. वस्तादांसाठी दुसरा, आत एक चूक पेरून: वॉर्निश ओलं असलं तरी मोटर चालू करायला हरकत नाही.

"वाळू दे की," उत्तर आलं. "घाई तुला तवाबी लई होती."

मला तर सणच झाला. हाव सुटली. तिसऱ्या मेसेजात तीन चुका घातल्या: तार कोणत्याही गेजची चालते, वेढे अंदाजाने घाला, जळकी मोटर बघत बसू नका, सरळ तोडा.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"एवढं चुकणारा माझा शागिर्द न्हाई. कोण बोलतंय बे?"

माझा शागिर्द, म्हणाले.

परवापासून दुकानात मोटरी तशाच पडल्यात आणि फोन माझ्या हातात आहे. बटण दाबतो, "वस्ताद, मी..." म्हणतो, आणि पुसून टाकतो.