मशीनची पूजा

शिंक आली की एक्सरे सर तोंडावर रुमाल धरून व्हरांड्यात पळत. मशीनजवळ शिंकायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. चंद्रपूरच्या कॉलेजात ते शिकवत आणि मी झाडू-पोछा करी.

माणूस गोंडपिपरीचा, बोलणं आपल्यासारखंच. कोणी मोडका हात घेऊन आला की म्हणत, "भाऊ, दवाखान्यात जा. इथी हाडाचा नाई, कोशाच्या धाग्याचा एक्सरे निघते." किरण धाग्यातून जाताना विखुरतात, त्यावरून धागा आतून कसा आहे ते कळतं, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. माझ्या माहेरी कोसा, म्हणजे रानातल्या रेशमाचे किडे, पाळत, म्हणून सर मलाही खूप विचारत.

मशीन जुनं, दुसरीकडून आलेलं. त्याची नळी त्यांनी लांब करून घेतली. किरण केसाएवढ्या दोन फटींतून सरळ जायला हवा. त्या फटींचे स्क्रू किंचित किंचित फिरवण्यात त्यांचे तीन महिने गेले.

"सर, येवढ्या दिवसात तर धानाची रोवणी होऊन कापणी होते," मी चिडवायची.

"होऊ दे बाई. भात खायले येतो."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी नागपूरचे साहेब तपासायला येणार होते. मशीन पास झालं तर इथे राहणार, नाहीतर नागपूरला जाणार. दसऱ्याला सर गावी गेले. आमच्या घरी त्या दिवशी विळ्याची, जाळ्याची, सगळ्या हत्यारांची पूजा होते. मशीन बिनपूजेचं कसं ठेवायचं? किल्ली माझ्याकडेच असे. मी ते पुसलं, स्क्रू फिरवून फिरवून चकचकीत केले, हळद-कुंकू वाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं.

सर परतले. किरण फटीतून जाईना.

"बाई, मशीनले कोणी हात लावला का?"

"नाई, सर."

स्क्रूच्या खाचेत हळद होती. त्यांनी ती काडीने कोरून काढली, पुढे काही विचारलं नाही. दोन दिवस धडपडले, पण जमलं नाही. साहेबांना म्हणाले, "जुळवणी माझ्याकडूनच बिघडली." खरं कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ते त्यांना माहीत होतं, मलाही.

मशीन ट्रकमध्ये चढलं. सर नुसते वर्ग घेत राहिले.

मागच्या साली ते वारले. त्याआधी, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, मला त्या रिकाम्या खोलीच्या दारात थांबवून त्यांनी हसत विचारलं होतं, "बाई, नागपुरात आपल्या मशीनची दसऱ्याले पूजा कोण करत असन?"

तेव्हा तरी बोलायचं होतं.

"मले काय माहीत, सर," मी म्हटलं आणि बादली उचलली. मी आणखी काही बोलेन म्हणून ते तिथेच उभे राहिले.