हळू चार्जिंगवाल्या आक्का

मुलाने नवा फोन आणला तेव्हा आक्कांना सगळ्यात आधी खटकला तो त्याचा चार्जर. चार्जर कसला, मुठीएवढा ठोकळाच. मुलगा कौतुकाने सांगत होता, की आई, तू चहा टाक, निवांत पी, कप विसळून ठेव, तोवर फोन भरलेला असेल. आक्कांनी खरोखरच चहा टाकला. कप विसळून येऊन बघतात तर फोन जवळजवळ भरलेला आणि त्याची पाठ तापलेली. तापकऱ्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी उलटा हात फोनला लावून पाहिला आणि पिन काढून टाकली.

"याला ताप आलाय," त्या म्हणाल्या.

मुलगा हसला. आजकाल सगळे फोन असेच तापतात, तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस, असं म्हणून तो कामाला निघून गेला. सूनबाई मात्र थांबली. ती औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे कुठल्याही डबीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने फोनच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं आणि थोड्या वेळाने एक बटण शोधून काढलं. ते बंद केलं की जोरातलं चार्जिंग बंद, फोन आपला रमतगमत भरणार. त्याखाली आणखी एक सोय होती. फोन ऐंशी टक्के भरला की चार्जिंग आपणहून थांबायचं.

पहिलं बटण आक्कांना फार आवडलं. दुसऱ्यावर मात्र त्या अडून बसल्या. त्यांच्या नोकरीतल्या बॅटऱ्या अर्धपोटी ठेवल्या की आजारी पडायच्या, पोटभर मिळालं तरच वर्षानुवर्षं टिकायच्या. फोनच्या या बॅटरीला भरल्या पोटी पडून राहणं सोसत नाही, हे सूनबाईने त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे हिची जातच निराळी," आक्का म्हणाल्या. "पण घाई दोघींनाही बाधते म्हण की." आणि त्यांनी दुसरंही बटण दाबू दिलं.

आक्कांनी सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीरूममध्ये काढला होता. खरं तर त्यांना जायचं होतं वरच्या मजल्यावर, ऑपरेटर बायकांच्या हॉलमध्ये. वडील त्याच खात्यात लाइनमन होते. ते खांबावरून पडून गेले आणि त्यांच्या जागी थोरल्या मुलीला, म्हणजे आक्कांनाच, खात्याने नोकरी देऊ केली. पाठची भावंडं लहान होती, घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. मुलीने केस चापूनचोपून बांधले, एकुलता एक धड पोशाख चढवला आणि आवाजाच्या परीक्षेला जाऊन बसली. कानाला यंत्र लावून चार वाक्यं बोलायची होती. पण तिचा आवाज जन्मापासूनचा घोगरा, मडक्यात तोंड घालून बोलावं तसा. परीक्षा घेणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दोनदा बोलून घेतलं, पाणी पाजून तिसऱ्यांदा बोलून घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, की खाली बॅटरीरूममध्ये एक जागा आहे, तिथे बोलावं लागत नाही.

ते शब्द आक्कांना पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिले.

बॅटरीरूम म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. लाकडी घडवंच्यांवर काचेच्या मोठमोठ्या बरण्या ओळीने मांडलेल्या, त्यांत तेजाब आणि तेजाबात शिशाच्या पाट्या, एक तपकिरी, एक राखाडी. साऱ्या गावाचे फोन या बरण्यांच्या जिवावर चालायचे. खिडक्या थंडीतही उघड्या ठेवायच्या, कारण बॅटरी भरत आली की बुडबुडे येऊन घशाला झोंबणारा वास सुटायचा. कोपऱ्यात सोड्याच्या पाण्याची बादली असायची. अंगावर शिंतोडा उडाला की हात बादलीत. रबरी एप्रन घालूनही कपड्यांना चाळणीसारखी भोकं पडत. घरी धाकटी बहीण त्या भोकांतून बोट घालून खेळायची. हीच भावंडं दुपारी डबा घेऊन फाटकाशी येत आणि "आक्का, आक्का" म्हणून हाका मारत. त्यामुळे विशीतली पोरगी साऱ्या एक्स्चेंजची आक्का झाली. साहेबसुद्धा आक्काच म्हणू लागले.

खोलीचे धनी होते मिस्त्री. अंगाने काटकुळे, मिशा तेजाबाच्या वाफेने पिवळ्या पडलेल्या, आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. त्यांनी आक्कांना सगळं शिकवलं: पाणी किती घालायचं, तेजाब किती कसदार आहे ते दाखवणारा, काचेच्या नळीत तरंगणारा काटा कसा वाचायचा, पाट्यांचा रंग कसा ओळखायचा. आणि एक गोष्ट ते पुन्हापुन्हा सांगत, की करंट कमी सोडायचा. पोराच्या तोंडात घास कोंबले तर ते ओकतं, नाहीतर पोट फुगतं. बॅटरीचंही तसंच. ती मागेल तेवढंच द्यायचं, आणि आपण बसून राहायचं.

बसून राहणं आक्कांना सुरुवातीला जड गेलं. डोक्यावर वरच्या हॉलची धावपळ ऐकू यायची, खुर्च्यांची सरकासरक, पिना खोचल्याचा खडखडाट, मध्येच हसण्याचा गलका. सुटीच्या वेळी ऑपरेटर बायका जिन्यावरून उतरत तेव्हा आक्का खिडकीपासून बाजूला होत. त्या बायकांत एक होती मैना. खरं नाव निराळंच, पण तिचा आवाज असा, की तिने "थोडा वेळ थांबा" म्हटलं तरी माणूस तासभर थांबायला तयार. फोन लागो न लागो, नुसता तो आवाज ऐकायला काहीजण ट्रंककॉल लावतात अशी चेष्टा व्हायची. आक्कांना तिचा मनातून राग यायचा. मैनेला तर अशी कुणी आक्का खाली आहे याचा पत्ताही नव्हता.

मग ते वादळ आलं. विजेचे खांब काडीसारखे मोडले, रस्त्यांवर झाडं आडवी झाली आणि सारं गाव अंधारात गेलं. एक्स्चेंजचं जनरेटर थोडा वेळ धापा टाकत चाललं, मग तेही बसलं. उरल्या फक्त बरण्या. साहेबांनी इस्पितळ, अग्निशमन आणि पोलीस एवढ्याच लाइनी चालू ठेवायला सांगितल्या. मिस्त्री आणि आक्का कंदील दाराबाहेर टांगून, त्याच्या उजेडात बरण्यांपाशी बसून राहिले. कुठली बरणी थकली, कुठलीत अजून दम आहे, हे बघत होते. वर मैना आणि आणखी दोघी घरी न जाता बोर्ड सांभाळत होत्या. आपला आवाज कशावर चालला आहे, हे बघायला मैना प्रथमच जिना उतरून खाली आली. दारात उभी राहिली आणि कंदिलाच्या उजेडात चमकणाऱ्या काचेच्या रांगांकडे बघतच राहिली.

"हे सगळं आमच्या पायाखाली होतं?" ती म्हणाली.

आक्का फक्त "हो" म्हणाल्या. आपला आवाज तिच्यापुढे काढायची त्यांना लाज वाटली.

बरण्यांनी दगा दिला नाही. वीज आली तेव्हा त्या पार तळाला गेल्या होत्या. सगळ्यांना घाई झाली होती, कारण पुन्हा वीज गेली तर हातात काहीच उरलं नसतं. साहेबांनी मिस्त्रींना विचारलं, की एकदम जोरात भरता येतील का. मिस्त्री म्हणाले, भरता येतील, पण मग पुढच्या वादळाला यांच्यावर विसंबता येणार नाही. साहेबांनी मान हलवली आणि बरण्या हळूहळू भरायचं ठरलं. ते काम काही दिवस चाललं. कुणीतरी सतत तिथे हवंच होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आक्का.

त्या दिवसांत मैना रोज पाळी संपली की चहाचे दोन पेले घेऊन खाली यायची. स्टुलावर बसून दिवसभराच्या गमती सांगायची. कुठला नवरा बायकोला फोनवर कविता वाचून दाखवतो आणि ती मध्येच "ऐकतेय, पण गॅस चालू आहे" म्हणते. कुठली म्हातारी नंबर न सांगता "माझ्या भावाला लाव" एवढंच म्हणते, आणि मैना लावूनही देते. आक्का आधी नुसत्या हसायच्या. मग एक दिवस त्यांनी आवाजाच्या परीक्षेची गोष्ट सांगून टाकली. मैना हसली नाही. म्हणाली, की वरती आम्ही सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या बोलतो. दिवसभर गोड बोलून माझा जीव विटतो गं. तुझं बोलणं ऐकलं की जिभेवरची साखर धुतल्यासारखं वाटतं.

बरण्या भरल्या, बुडबुडे आले, पण मैनेचं खाली येणं काही थांबलं नाही. दोघींची लग्नं झाली, मुलं झाली. एकीच्या बाळंतपणात दुसरीने घर सांभाळलं. आक्कांचे यजमान गेले तेव्हा मैना त्यांच्याकडे महिनाभर राहिली. एक्स्चेंजमध्ये आपोआप चालणारी यंत्रं आली आणि वरचा हॉल रिकामा झाला. बरण्यांच्या जागी बंद झाकणाचे डबे आले, त्यांना ना पाणी लागे ना माणूस. मिस्त्री त्याआधीच निवृत्त होऊन आपल्या बहिणीकडे गेले होते आणि तिथेच वारले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी आक्कांनी एक रिकामी बरणी मागून घेतली. तीत घरात आता कांदे असतात.

मैना लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेली आणि दोघींची दुपार फोनवर ठरून गेली. जेवणं आटोपली की आक्का फोन लावत. अशी कित्येक वर्षं गेली. मग मैनेच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला.

लेकीने हे कळवलं त्या दिवशी आक्का जेवल्या नाहीत. ज्याचा आपण कधीकाळी हेवा केला तेच देवाने तिच्याकडून काढून घेतलं, असं काहीबाही मनात येत राहिलं. इस्पितळातून घरी आल्यावर मैनेचा फोनवर लिहिलेला निरोप आला, की तू फोन कर. पण मुकीशी फोनवर बोलायचं काय? तरी त्यांनी फोन लावला. पलीकडे नुसता श्वास. मग टक असा आवाज झाला. मैनेने नखाने फोनवर वाजवलं होतं. आक्का बोलायला लागल्या. सूनबाई, शेजारीण, महाग झालेलं दूध, जे सुचेल ते. हसू आलं की पलीकडून टकटक, टकटक. जन्मभर मैना बोलली आणि आक्कांनी ऐकलं, आता उलटं सुरू झालं.

पण हे बोलणं अर्ध्यातच तुटायला लागलं. मैनेचा फोन मध्येच बंद पडे. एकदा तर फारच झालं. मैना बसने दवाखान्यात निघाली होती. उतरायची जागा कंडक्टरला फोनवर लिहून दाखवणार, तोच फोन विझला. ती हातवारे करत राहिली, कुणाला काही कळेना. शेवटी बस डेपोत गेली आणि म्हातारी तिथल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. लेक बेकरीत कामाला होती. शोधत शोधत ती पोचली, तेव्हा आई तोंड फिरवून बसली होती. फोनवर सांगताना लेक रडली.

"मावशी, फोन बंद पडला की आई दुसऱ्यांदा मुकी होते."

आक्कांनी त्याच आठवड्यात पिशवी भरली. जुन्या फोनचा लहानसा चार्जर आठवणीने बरोबर घेतला. मुलगा म्हणाला, की मी फोनवरून समजावतो, तू कशाला एवढी दगदग करतेस? आक्का म्हणाल्या, की हात लावल्याशिवाय ताप कळत नाही.

मैना दारातच गळ्यात पडली. दोघींनी एकमेकींच्या पाठीवर बराच वेळ हात फिरवले. मग आक्कांनी फोन मागितला. त्याची पाठ फुगली होती, झाकण एका कडेने उचललं गेलं होतं. विचारपूस केल्यावर सारं उलगडलं. आई फोनशिवाय राहू नये म्हणून लेक बिचारी कामावर जाता-येता, दिवसातून तीनतीनदा मोठ्या चार्जरने तो गच्च भरायची, आणि मैना भरता भरताच तो उशीखाली घेऊन झोपायची. लेकीला वाटलं आता मावशी रागावणार. आक्कांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, की बाई, माया जास्त झाली एवढंच.

लेक नवा फोन घ्यायला निघाली होती, पण मैना ऐकेना. याच्यावरची मोठी अक्षरं तिच्या बोटांना पाठ झाली होती. मग तिघी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याने फुगलेली बॅटरी जपून काढून नवी घातली आणि ती जुनी घरी नेऊ नका, मीच टाकण्याची व्यवस्था करतो म्हणाला. घरी आल्यावर आक्कांनी सूनबाईला फोन लावून ती दोन्ही बटणं शोधली, लहान चार्जर जोडला आणि फोन खिडकीपाशी, मोकळ्या हवेत ठेवला.

तो भरेपर्यंत दोघींना काहीच काम नव्हतं. लेक कामावर गेली होती. मैनेला लिहायलाही फोन नव्हता, म्हणून आक्कांनी पाटीसारखं काहीतरी शोधलं, पण मैनेने मान हलवून नको म्हटलं. दोघी खिडकीत बसून खालचा रस्ता बघत राहिल्या. एक सायकलवाला एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने गादी धरून चालला होता. गादी वाऱ्याने फुगून त्याला मागे ओढत होती. मैनेने आक्कांच्या मांडीवर चापट मारली आणि बोट दाखवलं. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, एकीचं हसणं घोगरं, दुसरीचं बिनआवाजी.

आक्का आठवडाभर राहून परत आल्या. आता दुपारचं बोलणं तुटत नाही. परवा लेकीने सूनबाईला सांगितलं, की आई जेवण झालं की केस विंचरते, धुतलेले कपडे घालते आणि चार्जरवरून फोन काढून खुर्चीत जाऊन बसते. दिसणार कुणाला नसतं, तरी बसते.

सूनबाईने हे आक्कांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, आरशापुढे उभं राहून केसांवर हात फिरवला आणि मग फोन लावला.