काळ्या चिपांचं नाव

मला सांभाळून घेतलं ते एका धनगर म्हातारीनं. ओल्या सिमेंटचा वास आला की आजही आधी तीच आठवते. लढाईत गेलेल्या शिपायांच्या स्मारकाचा ओटा करायला मी रिहे नावाच्या गावी गेलो होतो. चौथीतच शाळा सुटलेली, घर शंभर कोसांवर, आणि हातचं काम जाईल ही धाकधूक कायमची. संगमरवराच्या पांढऱ्या चिपांत काळ्या चिपांनी नावं भरली होती, पण वर सिमेंटची साय होती. चार दिवस मुरल्यावर घासलं की नावं उघडी पडायची. दुसऱ्याच दिवशी म्हातारी आली. "माज्या लेकाचं नाव कंचं? उद्या मेंढरं घिऊन कोकणात उतरायचं हाय." मला राहवलं नाही. तिच्या लेकाचं नाव विचारून घेतलं, पाणी टाकून घासायच्या दगडानं तेवढीच ओळ घासली, तर निम्म्या चिपा निखळून आल्या. तेवढ्यात मुकादम आला. "कुणी घासलं हे?" म्हातारीनं माझ्या हातातला दगड काढून घेतला. "म्या घासलं. नाव दिसंना म्हून." "आजे, मेंढरं सोडून गवंडीकाम कधीपासून?" "लेक गेला तवापासून." मुकादम खाली बघत मला म्हणाला, "पुन्हा भर." अर्ध्या नावावरून बोट फिरवून ती निघून गेली. मी गप्प राहिलो, हे अजून सलतं. आता मी स्वतः कामं घेतो. एक दिवस तिचा धनगरवाडा शोधून काढीन आणि तिच्या दारात तिच्या लेकाचं अख्खं नाव बसवीन.